पूजेचे अकरा तास

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीच्या धारेखालून निघालेला ग्लास गवळ्यानं पुढं केला आणि तो घ्यायला एकाच वेळी दोन हात आले. एक संयोगिताचा. दुसरा मनगटापासून बोटांपर्यंत गुलाबी, ताणलेल्या, चकाकत्या कातडीचा. भिंतीचा रंग पोपडा धरून निघाला की आतला कच्चा गिलावा दिसतो, तसा. तिनं आधी हात पाहिला, मग चेहरा. नागसेन. मोरजाई कारखान्याच्या वीजघरातला टर्बाइन ऑपरेटर. बावीस वर्षांची नोकरी, आणि गेले चार महिने निलंबित. तिचा हात आपोआप मागं आला, चटका बसल्यासारखा, आणि लगेच त्या मागं येण्याचीच तिला लाज वाटली, कारण चटका बसलेला हात तिचा नव्हता.

"घ्या मॅडम, तुम्ही घ्या आदी," नागसेन म्हणाला. "पोरीला क्लासला सोडाय आलतो. म्हटलं दूध घ्यावं. डॉक्टर म्हणालेत, कातडी भराय पायजे." तिनं काहीतरी पुटपुटत ग्लास त्याच्याकडं सरकवला, त्यानं तो परत तिच्याकडं. गवळी वैतागला. "ओ पावणं, ठरवा की एकदा! म्हैस काय दिवसभर थांबणार हाय व्हय?" आजूबाजूचे दोघे-तिघे हसले, नागसेनही हसला. मग त्यानं डाव्या हातानं दुसरा ग्लास घेतला आणि कडेला उभं राहून, रोज भेटणाऱ्या माणसानं सांगावं तसं सांगितलं, "आज शेवटची तारीख हाय चौकशीची. अकरा वाजता, कारखान्यावर." फेस ओठाला लागला होता, तो त्यानं बाहीनं पुसला. "तुमचं पत्र पोचलं हं, मॅडम." एवढंच. पत्रात काय आहे ते त्यानं वाचलं की नुसतं पोचल्याचं ऐकलं, हे त्याच्या तोंडावरून कळेना. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो पलीकडच्या रसवंतीकडं पाहत होता, मान किंचित कलती करून. चरक अजून सुरू व्हायचा होता, मालक नुसता तेल घालून रिकामा फिरवून बघत होता. "ह्यो चरक खडखडतोय, का मलाच तसं वाटतंय?" त्यानं विचारलं. तिला तर काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. "तसं न्हवं," तो ओशाळून म्हणाला, "आता कानाचा काय भरवसा राह्यला न्हाय. घरचा पंखाबी फसवतोय मला. पोरीला, दीक्षाला, सारखं इचारतो, अगं आवाज येतोय का? बायको म्हणती, कान तपासून या एकदा."

दूध गरम होतं, म्हशीच्या अंगाच्या उबेचं. एका घोटानंतर तिनं ग्लास तसाच कट्ट्यावर ठेवला. लहानपणी बावड्याहून वडिलांच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून ती इथं यायची, तेव्हा फेसाची मिशी पुसायची नाही असा तिचा हट्ट असायचा. घरी आईला दाखवायची. आज तिनं मिशी पुसली, पुन्हा पुसली, रंकाळ्यापर्यंत चालत येताना तिसऱ्यांदा पुसली. तळ्यावर माणसं हात हलवत, मोठ्यानं बोलत फेऱ्या मारत होती. चौकशीला पाठवलेलं पत्र तिला तोंडपाठ होतं. 'सदर दिवशी संबंधित कर्मचाऱ्याकडून आलेल्या कोणत्याही सूचनेची नोंद आमच्या कार्यालयाकडे उपलब्ध नाही.' या वाक्यात एक शब्द खोटा नव्हता. नोंद नव्हतीच, कारण नोंद करायची होती तिनं, आणि ती तिनं केली नव्हती. वाक्य लिहून झाल्यावर तिनं ते दोनदा वाचलं होतं आणि तिला, आता आठवूनही अंगावर काटा येतो, समाधान वाटलं होतं. नीट सारवलेल्या जमिनीसारखं वाक्य. खाली काय पुरलंय ते वरून कळत नव्हतं.

तिचं काम कुणी विचारलं की ती पाणवठ्याचं उदाहरण द्यायची. सहा साखर कारखाने, सहांची वीजघरं, उसाच्या बगॅसवर, म्हणजे चोथ्यावर, बॉयलर पेटतो, वाफेवर टर्बाइन फिरतं, वीज होते. प्रत्येक टर्बाइनला सेन्सर लावलेले. कंप किती, तेल किती तापलं, वाफ किती, सगळं क्षणाक्षणाला कोल्हापुरातल्या तिच्या कार्यालयात येतं. सहा घरच्या सहा सुना एका पाणवठ्यावर येतात, ती सांगायची, आणि एकमेकींना दुखणं सांगतात. एकीनं सांगावं, माझी कंबर आधी डावीकडून भरून आली, मग तिसऱ्या दिवशी उठवेना. ते ऐकून दुसरी, जिची आजच डावी बाजू भरून आलीय, घरी जाऊन निजते. एका मशीनचं दुखणं दुसऱ्या मशीनला आधी कळतं, म्हणून आमचा प्रोग्राम सांगतो की अमक्याचं बेअरिंग चार दिवसांत जाणार. ऐकणारे माना डोलवायचे. तिलाही ते उदाहरण आवडायचं, आपलं म्हणून आवडायचं. मनातल्या मनात तिला त्या सहाजणी दिसायच्या, ओल्या काठावर घागरी टेकवून बसलेल्या. आणि आता, चार महिने, त्यातल्या एकीच्या तोंडावर तिला हात दाबलेला दिसतो. त्या हातात तिच्याच बांगड्या आहेत.

तो हात तिथं जाण्याआधी एक चांगली गोष्ट घडली होती. निदान तेव्हा ती चांगली होती. पहिल्या वर्षी खंडेनवमीला सहाही कारखान्यांचे पडदे एकदम लाल झाले. पुण्याहून आलेली प्रोग्रामची मंडळी घाबरली. सहा टर्बाइन, तीही बंद असलेली, एकाच दिवशी कशी बिघडतील? तिलाही उलगडा होईना. मग तिनं मोरजाईला फोन लावला आणि तो नागसेननं उचलला. तो हसतच सुटला. "अवो मॅडम, आज मशिनीची पूजा की! नारळ फोडत्यात बेअरिंगच्या डोक्यावर. पाणी जातंय सेन्सरच्या जोडात. वर हार, हळदी-कुकू. त्यो बिचारा काय सांगंल? उद्या मी पुसून घेतो, तोवर त्येचं काय मनावर घिऊ नका." पूजेला तो स्वतः लांब उभा राहायचा, हे तिला नंतर कळलं. पण आदल्या दिवशी मशीन घासूनपुसून लख्ख करणारा तोच, आणि दुसऱ्या दिवशी सेन्सरच्या खाचेतलं कुंकू काडीनं काढणाराही तोच. तिनं प्रोग्राममध्ये एक नवं खूणचिन्ह घातलं, 'पूजा'. ज्या तासांवर ते लावलं ते प्रोग्रामनं वाचायचेच नाहीत, त्यांतून शिकायचं नाही, इतर पाच जणांना सांगायचं नाही. मोळी पूजन, बॉयलर पेटवण्याचा मुहूर्त, अमावास्येचा नारळ, सगळं त्यात बसलं. खोटे इशारे थांबले. सभेत राजवीर सरांनी, तिच्या साहेबांनी, तिचं कौतुक केलं. असलं इथल्याच पोरीला सुचणार, म्हणाले. तिनं मान खाली घालून ते घेतलं. नागसेनचं नाव तिनं घेतलं नाही. विसरली नव्हती. घ्यावं असं वाटलं होतं, आणि वाटता वाटता टाळ्या संपल्या होत्या.

गेल्या डिसेंबरात भैरीदेव कारखान्याचं टर्बाइन अकरा तास बंद पडलं. तिथला प्लँट मॅनेजर विश्वजित तिचा मावसभाऊ, तिच्याहून चार वर्षांनी मोठा. लहानपणी त्यानं तिला विहिरीत पोहायला शिकवलं होतं, कमरेला भोपळा बांधून. त्याचा फोन आला तेव्हा आवाजात तोच भोपळ्याचा धीर होता. "संयू, बेअरिंग गेलं गं. बदललंय, काय न्हाय, चालू झालं. पण तुझ्या त्या मशिनीत दिसणार म्हणजे पाच कारखान्यांना दिसणार. हंगाम भरात हाय. भैरीदेवचं टर्बाइन बसलं असं एकानं ऐकलं की उद्या ऊस सगळा शेजारी वळतोय. अब्रूचा प्रश्न हाय आमच्या." ती म्हणाली, "दादा, पण ते शिकायला लागतं प्रोग्रामला. पुढं दुसऱ्या कुणाचं—" तो म्हणाला, "अगं तेवढं पूजेत घाल की. त्या दिवशी अमावास्याच हुती, नारळबी फोडलाय. खोटं कुठं बोलतीयास?" अमावास्या खरंच होती. तिनं पडद्यावर ते अकरा तास निवडले, आणि त्यांच्या आधीचे तीन दिवसही, ज्यांत कंपाची रेघ हळूहळू वर चढत होती, बाळंतिणीच्या कण्हण्यासारखी, थांबून थांबून. खूण लावली. रेघ राखाडी झाली. माणसाच्या घरातलं झाकलं तर ते पाप नव्हे, असं काहीसं तिच्या मनात आलं होतं. बावड्याच्या गल्लीत बायका असंच झाकत आल्या होत्या, आपल्यांचं, शेजारणीचंसुद्धा. ते बेअरिंग ज्या खेपेतलं होतं, त्याच खेपेतलं दुसरं मोरजाईत बसवलेलं आहे, हे तिला माहीत होतं का? यादी तिच्याकडेच होती. तिनं उघडली नाही एवढंच.

जानेवारीत, एका दुपारी चार वाजता, ती पाहुण्यांना तेच दाखवत होती, 'पूजा'. हळदी-कुंकू, नारळाचं पाणी. पाहुणे हसत होते, कुणी फोटो काढत होतं, आणि हातातला फोन वाजला. नागसेन. तिनं पाहुण्यांकडं बघत बोटानं एक मिनिट म्हटलं आणि पडद्याकडं तोंड करूनच बोलली. "मॅडम, सूर उतरलाय," तो म्हणाला. मागं टर्बाइनची घरघर होती. "दांडा लावून ऐकलं, दोनदा. खुंटा सैल झाल्यागत वाटतंय. इनचार्ज म्हणतोय, कोल्हापूरला इचार, ते म्हणतील तसं. बंद करू का?" दांडा म्हणजे बेअरिंगला टेकवून कानाला लावायची लोखंडी कांब आणि खुंटा म्हणजे जात्याचा खुंटा, हे तिला ठाऊक होतं. त्यानं एकदा सांगितलं होतं: त्याची आई धोंडुबाई पहाटे दळायची, आणि खुंटा ढिला झाला की ओवी अर्ध्यात थांबवायची. पोरगं अंथरुणातून विचारायचं, आये, का थांबलीस? ती म्हणायची, ऐक की. त्याला काही ऐकू यायचं नाही. मग एके दिवशी यायला लागलं. आईची एक ओवी त्यानं फोनवर म्हणूनही दाखवली होती, लाजत:

जात्या तुझा सूर, आज निराळा लागला
खुंट्याच्या बुडाशी, तुझा जीव का दुखला

तेव्हा तिला ती इतकी आवडली होती की तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली होती. पण त्या दुपारी समोर पाहुणे होते आणि पडद्यावर मोरजाई हिरवीगार होती, जूनमधल्या रोपासारखी. "नागसेनदादा, अहो स्क्रीन हिरवी आहे," ती हसून म्हणाली, थोडं पाहुण्यांसाठीही हसली. "चालू द्या." पलीकडं तो घुटमळला, पुन्हा काहीतरी सांगत राहिला, ती हो-हो करत राहिली. पाऊण तासानं बेअरिंग अडकलं, तेलाची नळी फुटली, तेलानं पेट घेतला. वीजघरात तिघं होते. दोघं बाहेर पळाले. नागसेन आणखी आत गेला आणि तेलाचा व्हॉल्व्ह हातानं बंद केला, म्हणून वीजघर राहिलं. चौकशीत विचारलं गेलं, आवाज ऐकला होतास तर मशीन बंद का केलं नाहीस? तो म्हणाला, मॅडमना फोन केला होता. मॅडमना पत्र गेलं. मॅडमनी जमीन सारवली.

कार्यालयात ती साडेसातला पोचली. झाडूवाल्या मावशी आश्चर्यानं बघत बाजूला झाल्या. टेबलावरचे सहा हिरवे चौकोन, मे महिना, गळीत केव्हाच संपलेलं, मशीन निजलेली. तिनं भैरीदेवचा डिसेंबर उघडला. राखाडी रेघ तिथंच होती. कुणी हलवली नव्हती, कोण हलवणार? खुणेवर बोट ठेवलं आणि बोट तिथंच थांबलं. विश्वजितदादा आठवला, विहिरीच्या पायरीवर उभा, हात सोड म्हणणारा. राजवीर सर आठवले. आपली नोकरी आठवली, तीही आठवली, नाही असं नाही. उलट सगळ्यात आधी तीच आठवली आणि मग बाकीची नावं तिच्यापुढं ओळीनं उभी केली गेली, आडोशाला. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिनं खूण काढली. प्रोग्रामनं कारण विचारलं. कारणाचा चौकोन रिकामा लुकलुकत राहिला. तिनं लिहिलं, 'पूजा नव्हती. बिघाड होता. मी लपवला.' खाली नाव. ही नोंद सहाही कारखान्यांना आपोआप जाते. ती सोय तिनंच केली होती, कुणी गुपचूप काही बदलू नये म्हणून.

प्रोग्रामला नव्यानं शिकायला पाऊण तास लागला. पाऊण तासच, तिच्या मनात आलं, तेवढ्यालाच. मग तिनं मोरजाईचा जानेवारी त्यावर घातला. अपघाताच्या तीन दिवस आधीपासून चौकोन पिवळा. त्या दिवशी सकाळी नऊला लाल. दुपारी चारला, ती पाहुण्यांपुढं हसत होती तेव्हा, इतका लाल की तिनं डोळे मिटले तरी तो पापणीच्या आत राहिला. तिनं कागद छापून घेतला. फोन वाजत होता, पडद्यावर 'विश्वजितदादा'. वाजून थांबला, पुन्हा वाजला. तिनं तो पिशवीत टाकला आणि गाडी काढली. हातकणंगल्याच्या रस्त्याला ऊन तापायला लागलं होतं. पिशवीत फोन मधूनमधून थरथरत होता आणि मांडीला ते कळत होतं.

कारखान्याच्या कार्यालयाबाहेर व्हरांड्यात लांब बाक होता. नागसेन इस्त्रीचा पांढरा सदरा घालून एका टोकाला बसला होता. उजवा हात मांडीवर उताणा, दुसऱ्याचा सांभाळायला घेतल्यासारखा. तिला बघून तो उठला आणि डाव्या हातानं बाकावरची धूळ पुसायला लागला. "नका," ती म्हणाली. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "नागसेनदादा, फोन आला होता. तुमचा. मी पत्रात खोटं लिहिलं."

तो पुसायचा थांबला. "म्हाईत हाय की," तो म्हणाला. "मला वाचून दाखवलं. त्यो फोन माझ्या मोबाइलात दिसतोय की, चार मिनिटांचा. चौकशीच्या साहेबास्नी दावला. ते म्हणले, फोन झाला एवढंच दिसतंय, काय बोललासा ते कुठं दिसतंय?" मग म्हणाला, "सकाळी म्हटलं, तुम्ही काय बोलतासा का बघू. पत्र पोचलं म्हणून सांगितलं. तुम्ही दूध तसंच ठेवून गेलासा."

तिला वाटलं होतं की हे बोलून झालं की सर्वांत अवघड संपेल. ते संपलं नव्हतं. तिनं कागद काढला. अमावास्या, अकरा तास, भैरीदेव, भाऊ, खूण; मध्येच शब्द सुटत होते, ती पुन्हा मागं जाऊन उचलत होती. तो कागदाकडं बघत होता. लाल चौकोनावर त्यानं डाव्या हाताचं बोट ठेवलं. "हे काय?"

"त्या दुपारचं. हे दिसायला हवं होतं. मी झाकलं नसतं तर दिसलं असतं."

"म्हंजे आवाज हुता?"

"होता."

"मी ऐकला त्यो? सूर उतरल्याला?"

"हो. खरा होता."

नागसेन बाकावर बसला. त्याच्या तोंडाकडं बघायचं तिनं ठरवलं होतं, शिव्या येतील त्या समोरून घ्यायच्या म्हणून. पण तो हसत होता. आधी नुसत्या नाकातून, मग खांदे हलायला लागले. डोळे भरून आले तरी तो हसतच होता. "कान चुकला न्हवता की मॅडम," तो म्हणाला. "चार महिनं झालं. मी म्हणतोय, मला भास झाला. आईनं दिल्याला कान, मी म्हणतोय गेला. पोरगी हाक मारती तर मी बायकोला इचारतोय, खरंच मारली काय?" त्यानं खिशातून मोबाइल काढला, बहुधा दीक्षाला लावायला, आणि तसाच परत ठेवला. संयोगिता उभीच होती. हात भाजला, नोकरीवर टाच आली, हे तिला माहीत होतं. त्याचा हिशेब तिनं मनात हजारदा लावला होता. तिनं त्याच्याकडून आणखी काय नेलं होतं ते तिला आत्ता, त्याच्या हसण्यातून कळत होतं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर ती उभी राहू शकली असती. या आनंदापुढं तिला कुठं बघावं ते कळेना.

शिपाई दारात आला. "काय ते लेखी द्या म्हणतायत साहेब. मग आत या." त्यानं फुलस्केप कागद आणि एक पेन बाकावर ठेवलं आणि तो आत गेला.

नागसेननं डोळे पुसले. हसू गेलं होतं. चेहरा आता मशीनपाशी उभ्या माणसाचा होता, कामाचा. "ह्या हातानं अजून लिवता येत न्हाय," तो म्हणाला. "तुम्ही लिवा. मी सांगतो तसं." ती बाकावर त्याच्या शेजारी बसली, कागद मांडीवर घेतला. तो सावकाश सांगत गेला आणि ती लिहीत गेली, त्याच्याच शब्दांत, एकही न सुधारता. 'मॅडम, सूर उतरलाय. दांडा लावून ऐकलं, दोनदा. खुंटा सैल झाल्यागत वाटतंय. बंद करू का?'

"लिवलं?"

"लिहिलं."

"आता तुम्ही काय म्हणालासा, ते लिवा."

पेन कागदावर टेकलं. व्हरांड्याच्या पलीकडं बंद वीजघर उन्हात उभं होतं, कुठंही कसला आवाज नव्हता. स्क्रीन, तिनं लिहिलं. हिरवी. कागदावर टोकाची बारीक खरखर उमटत होती, आणि शेजारी नागसेन मान कलती करून, डोळे मिटून, ती ऐकत होता.